झाशीच्या राणीवर हॉलिवूडचा उजेड

सोहराब मोदींचा ‘झांसी की रानी’ जानेवारी १९५३ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या श्रेयनामावलीत छायाचित्रणाखाली तीन नावं येतात: अर्नेस्ट हॅलर, एम. एन. मल्होत्रा आणि वाय. डी. सरपोतदार. पहिलं नाव ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळवलेल्या अमेरिकी माणसाचं आहे. तिसरं नाव मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ‘पुकार’ (१९३९) आणि ‘सिकंदर’ (१९४१) चित्रित करणाऱ्या मराठी माणसाचं. हत्ती-घोड्यांच्या ज्या लढायांसाठी ‘सिकंदर’ गाजला, त्या सरपोतदारांच्या कॅमेऱ्यातून उतरल्या होत्या. तरीही राणी लक्ष्मीबाईची लढाई रंगीत करायची ठरल्यावर मोदींना थेट हॉलिवूड आठवलं, आणि घरचा छायाचित्रकार तिसऱ्या ओळीत गेला.

ही गोष्ट ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला सांगण्यामागे कारण आहे. घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट उभे राहिल्यापासून या भागाला शूटिंगची नवलाई उरलेली नाही. बंगल्याबाहेर घरघरणारी जनरेटर व्हॅन, दिवसाढवळ्या रात्र दाखवायची म्हणून काळ्या कापडाने बंद केलेली खिडकी, तिच्याबाहेर स्टँडवर चढवलेला दिवा आणि तो दिवा सांभाळत उन्हात बसलेला पोरगा, हे सगळं येता-जाता दिसतं. दिवे वाहणारे, ट्रॉली ढकलणारे, फोकस धरणारे कित्येक जण कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरला राहतात. भाडं परवडतं ते तिथेच. नटनटी दिसल्या की आपण थांबतो, फोटो मागतो. मॉनिटरसमोर बसून ‘तो कटर (दिव्याचा उजेड अडवणारा पडदा) जरा खाली घे’ म्हणणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि प्रेक्षकाला नटीचा चेहरा कसा दिसणार हे त्या वाक्यावर ठरत असतं. हॅलरने जन्मभर तेच काम केलं.

त्याचा जन्म ३१ मे १८९६ चा, लॉस एंजेलिसचा. हॉलिवूड नावाचा उद्योग तेव्हा अस्तित्वातही नव्हता, त्यामुळे हा माणूस आणि तो धंदा एकाच गावात बरोबरीने वाढले असं म्हणता येतं. १९१४ मध्ये तो बायोग्राफ कंपनीत शिरला तो नट म्हणून. नटाची हौस लवकरच फिटली आणि तो कॅमेऱ्याच्या मागे गेला. १९२० पासून त्याचं नाव स्वतंत्र छायाचित्रकार म्हणून दिसू लागतं. पुढे फर्स्ट नॅशनल आणि मग वॉर्नर ब्रदर्स. स्टुडिओचा पगारी माणूस तो. वर्षाला चार-पाच चित्रपट हातावेगळे करायचे, दिग्दर्शक कोण, कथा कोणती, हे वरून ठरून यायचं. अशा रीतीने त्याने आयुष्यात दीडशेहून अधिक चित्रपट चित्रित केले. त्यातले बरेचसे आज कुणी बघत नाही. जे उरले, ते मात्र हॉलिवूडच्या इतिहासातून वगळता येत नाहीत.

त्यातला एक १९३३ चा ‘द एम्परर जोन्स’. पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय गायक-नट त्यात मुख्य भूमिकेत होता. त्या काळची फिल्म, मेकअप आणि प्रकाशयोजनेचे अंदाज, सगळं गोऱ्या कातडीवर बेतलेलं. गोरा चेहरा मुळातच उजेड परत फेकतो. सावळ्या चेहऱ्यावर तेवढाच दिवा मारला तर नाक-डोळे अंधारात बुडतात, आणि दिवा वाढवला तर मागची भिंत पांढरीफट्ट होते. अशा वेळी दिवा बाजूने लावून गालाच्या कडेवर, कपाळावर चमक आणावी लागते. आपल्याकडच्या कोणत्याही छायाचित्रकाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही, रोजच्या कामातलंच आहे. हॅलरला हा धडा ऐन तिशीत मिळाला होता.

पण त्याचं नाव झालं ते बेटी डेव्हिसमुळे. डेव्हिस रूढ अर्थाने सुंदर नव्हती. मोठाले, काहीसे बाहेर आलेले डोळे, हट्टी हनुवटी. हॅलरने हे लपवलं नाही, उलट प्रकाश त्या डोळ्यांवरच आणला. तिला पहिलं ऑस्कर मिळालं ‘डेंजरस’साठी (१९३५), दुसरं ‘जेझबेल’साठी (१९३८). दोन्ही चित्रपटांचा छायाचित्रकार हॅलर. ‘जेझबेल’ची गंमत अशी की कुमारिकांनी पांढरा पोशाख घालून जायच्या नृत्यसमारंभात नायिका हट्टाने लाल झगा घालून जाते, या एका गोष्टीवर अख्खी कथा फिरते, आणि चित्रपट कृष्णधवल! लाल रंग पडद्यावर नाहीच. पांढऱ्या झग्यांच्या गर्दीत तो एकच गडद झगा असा चमकवत, असा वेगळा काढत न्यायचा की प्रेक्षकाला तो लालच वाटला पाहिजे. तो वाटतो. या चित्रपटासाठी हॅलरला ऑस्करचं नामांकन मिळालं.

‘डार्क व्हिक्टरी’चा (१९३९) शेवट तर छायाचित्रणाच्या वर्गात दाखवावा असा आहे. नायिकेला मेंदूचा आजार आहे. दृष्टी गेली की मृत्यू जवळ आला हे तिला ठाऊक आहे. ती नवऱ्याला काही कळू न देता निरोप देते, खोलीत जाऊन पलंगावर पडते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो आणि चित्र हळूहळू धूसर होत जातं. फोकसची कडी फिरवण्यापलीकडे त्यात तंत्र काही नाही. नवा सहायक पहिल्या आठवड्यात जी चूक करून शिव्या खातो, तीच इथे मुद्दाम केलेली आहे, आणि बघणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते.

त्याच वर्षी ‘गॉन विथ द विंड’ त्याच्याकडे आला, तोही दुसऱ्याच्या हातून सुटून. १० डिसेंबर १९३८ च्या रात्री स्टुडिओच्या मागच्या आवारातले जुने सेट पेटवून अटलांटा शहराची आग चित्रित झाली, तेव्हा हॅलर या चित्रपटात नव्हता. सुरुवातीचा छायाचित्रकार ली गार्म्स हा मोठाच माणूस, पण त्याची मंद, दबकी रंगसंगती निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या पसंतीस उतरली नाही. सेल्झनिकला रंगासाठी मोजलेले पैसे पडद्यावर दिसायला हवे होते. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरही बदलला गेला. गार्म्सच्या जागी वॉर्नरकडून हॅलर आला, आणि टेक्निकलर कंपनीचा माणूस म्हणून रे रेनाहन त्याच्या जोडीला होताच.

टेक्निकलर हे प्रकरण तेव्हा काय होतं, हे जरा जवळून बघायला हवं. तो कॅमेरा विकत मिळत नसे. कंपनी तो भाड्याने देई आणि बरोबर आपला तंत्रज्ञ आणि रंगाचा सल्लागारही पाठवी. भिंगातून आत आलेला प्रकाश एका लोलकाने दुभागला जायचा. एक वाटा हिरव्या गाळणीतून सरळ एका फिल्मवर पडायचा. दुसरा वळून एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्म्सवर जायचा, त्यांतली एक निळा भाग टिपायची आणि दुसरी लाल. म्हणजे एका दृश्यासाठी तीन निगेटिव्ह, तीही कृष्णधवल. पुढे प्रयोगशाळेत या तिन्हींचे ठसे करून कोऱ्या फिल्मवर रंग एकामागून एक चढवायचे. आपल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ऑफसेटवर छापताना रंग चढतात तसेच. प्रकाशाची अशी वाटणी झाल्यामुळे साध्या चित्रपटाच्या कितीतरी पट उजेड लागायचा. आर्क दिव्यांच्या धगीने सेटवर नट घामाघूम व्हायचे, मेकअप उतरायचा. त्यातून नायिका विव्हियन लीचा चेहरा नाजूक दिसला पाहिजे, ही अपेक्षा.

हॅलरने ते जमवलं. रेल्वे स्थानकावर जखमी सैनिक पसरले आहेत, त्यांतून नायिका स्कार्लेट वाट काढते आहे आणि कॅमेरा क्रेनवरून वर वर जात राहतो, ते दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एवढी माणसं मिळणं कठीण म्हणून खऱ्या माणसांमध्ये पुतळे पेरले होते. २९ फेब्रुवारी १९४० च्या समारंभात रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर हॅलर आणि रेनाहन यांना विभागून मिळालं. रंगीत आणि कृष्णधवल अशी पारितोषिकाची रीतसर विभागणी झाली तीही त्याच वर्षी.

यानंतर त्याला रंगाचा माणूस म्हणून शिक्का बसायला हवा होता. तसं झालं नाही. ‘मिल्ड्रेड पियर्स’ (१९४५) पुन्हा कृष्णधवल: रात्रीचा समुद्रकिनारा, ओला धक्का, जिन्याच्या भिंतीवर पसरलेल्या सावल्या, आणि फरचा कोट घातलेली जोन क्रॉफर्ड. उतरणीला लागलेल्या क्रॉफर्डला या चित्रपटाने ऑस्कर मिळवून दिलं.

इथे एक हिशेब मांडण्याचा मोह होतो. बेटी डेव्हिस दोनदा, ‘जेझबेल’ची साहाय्यक अभिनेत्री फे बेंटर, ‘गॉन विथ द विंड’च्या विव्हियन ली आणि हॅटी मॅकडॅनियल, जोन क्रॉफर्ड आणि पुढे १९६३ च्या ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी सिडनी पॉयटिए. हॅलरच्या कॅमेऱ्यासमोर अभिनय करून लोकांनी सात ऑस्कर नेली. हॅलरच्या वाट्याला सात नामांकनं आणि एकच ऑस्कर, तेही अर्धं. मॅकडॅनियल ही अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार, आणि पॉयटिए हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट. दोघांच्याही चेहऱ्यावरचा उजेड एकाच माणसाने ठरवलेला होता, याची नोंद फारसं कुणी घेत नाही.

तर असा हा माणूस १९५० च्या दशकाच्या तोंडावर वॉर्नर सोडून मोकळा झाला होता. नुकताच त्याने बर्ट लँकेस्टरचा ‘द फ्लेम अँड द अॅरो’ (१९५०) टेक्निकलरमध्ये केला होता आणि त्यालाही नामांकन मिळालं होतं. सोहराब मोदींना नेमका असाच माणूस हवा होता.

रंग भारतात अगदीच अनोळखी होता असं नाही. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत काढून पाहिल्या आणि हात पोळून घेतले. १९३७ मध्ये ‘किसान कन्या’ इथेच रंगीत झाला. मेहबूब खानांचा ‘आन’ (१९५२) फरेदून इराणींनी १६ मिलीमीटरवर चित्रित केला आणि मग तो टेक्निकलरमध्ये मोठा करून घेतला. ही खास आपली युक्ती, आणि ती चाललीही. फ्रान्सच्या ज्याँ रेन्वारने कोलकात्याजवळ ‘द रिव्हर’ (१९५१) टेक्निकलरमध्ये केला होता. पण भारतीय निर्मात्याने टेक्निकलरचा ऐतिहासिक चित्रपट काढायचा, त्यासाठी ऑस्करवाला छायाचित्रकार आणायचा, संकलनाला रसेल लॉइडसारखा इंग्रज घ्यायचा आणि इंग्रजी आवृत्तीही करायची, हा बेत मोदींचाच. पैसा पाण्यासारखा गेला.

विषय तर आपल्या घरचा. लक्ष्मीबाई ही तांब्यांची मुलगी, नेवाळकरांची सून. मराठी घरात तिची गोष्ट पोरांना जेवता जेवता कळते. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे कुडाळजवळच्या सोनवड्याच्या माणसाचं. कॅमेऱ्यापाशी सरपोतदार. हे आडनावही मराठी चित्रपटाला मूकपटांच्या काळातल्या नानासाहेब सरपोतदारांपासून ‘झोंबिवली’ काढणाऱ्या आदित्य सरपोतदारांपर्यंत परिचयाचं. राणीच्या भूमिकेत मोदींच्या पत्नी मेहताब.

चित्रपट सपशेल पडला.

कारणं सांगणाऱ्यांनी तेव्हाही सांगितली आणि आजही ती पटतात. मेहताब पस्तिशीच्या आसपासच्या होत्या, आणि राणीचं तर सारं आयुष्यच तिशीच्या आत आटोपलेलं. प्रेक्षकाला ती तरुण पोर दिसेना. मोदींची शैली पारशी रंगभूमीची: पात्रांनी समोर तोंड करून उभं राहायचं आणि खणखणीत संवाद फेकायचे. ‘पुकार’ला, ‘सिकंदर’ला ते शोभलं, कारण तिथे वाक्यांनाच टाळ्या होत्या. हॅलरची ताकद मात्र नेमकी दुसरीकडे. पापणी लवते, ओठ दुमडतो, माणूस बोलता बोलता थांबतो, ते टिपण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. भव्य दरबारात लांबून, सरळसोट, भाषणाच्या लयीत कॅमेरा लावायचा असेल तर त्यासाठी बेटी डेव्हिसचा छायाचित्रकार लागत नाही. सरपोतदारांनी तो चित्रपट हातोहात काढला असता, असं म्हणायला जागा आहे. अर्थात टेक्निकलरच्या नावाने परदेशी बाजार उघडेल ही मोदींची अटकळ होती, आणि तिथे सरपोतदार हे नाव चालणार नव्हतं, हेही खरं. १९५६ मध्ये ‘द टायगर अँड द फ्लेम’ नावाने इंग्रजी आवृत्ती निघाली. तिनेही मोदींचं नुकसान भरून काढलं नाही.

हॅलरचं या अपयशाने काही बिघडलं नाही. पगारी माणसाचा एक फायदा असा की चित्रपट पडला तरी दिवे कसे लावले याचा हिशेब वेगळा ठेवला जातो. परत गेल्यावर त्याने ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) केला. सुरुवातीचे काही दिवस तो कृष्णधवल चालला होता, मग स्टुडिओने रंगात करायचा हुकूम दिला, आणि जेम्स डीनच्या अंगावर ते लाल जाकीट आलं. ‘जेझबेल’मध्ये नसलेला लाल पटवून देणाऱ्याने सतरा वर्षांनी असलेल्या लालचा असा उपयोग केला की ते जाकीट एका पिढीचं निशाण झालं. १९६२ मध्ये ‘व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’मध्ये बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड दोघी म्हाताऱ्या बहिणी म्हणून समोरासमोर आल्या. वर्षानुवर्षं ज्या चेहऱ्यांच्या सुरकुत्या दिव्याने पुसल्या, त्याच आता त्याने निर्दयपणे दाखवल्या. त्यावरही नामांकन. १९६५ मध्ये जवळजवळ निवृत्त झालेल्या या माणसाला ‘स्टार ट्रेक’ या नव्या मालिकेच्या दुसऱ्या नमुना भागासाठी बोलावलं गेलं. मालिका मंजूर झाली ती त्या भागावर. २१ ऑक्टोबर १९७० रोजी मोटार अपघातात तो गेला.

इकडे काय झालं, ते अधिक रंजक आहे. भारत सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले १९५४ मध्ये, १९५३ च्या चित्रपटांसाठी. म्हणजे ‘झांसी की रानी’च्याच वर्षासाठी. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक गेलं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. साधा कृष्णधवल चित्रपट, कोकणातलं घर, अंगण, विहीर. छायाचित्रकार आर. एम. रेळे. आईच्या भूमिकेत वनमाला, म्हणजे बारा वर्षांपूर्वी मोदींच्याच ‘सिकंदर’मध्ये चमकलेली नायिका. एकाच वर्षी एका बाजूला ऑस्करवाला, टेक्निकलर आणि महाल. दुसऱ्या बाजूला रेळे आणि माजघर. पदक माजघराने नेलं. कल्याणात अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे; तिथे नाटकाला जाणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही रेळ्यांचं नाव सांगता येईल का, शंकाच आहे.

दुसऱ्या वर्षीचं सुवर्णपदक कुणाला? सोहराब मोदींनाच. पोळलेल्या मोदींनी रंगाचा नाद सोडला, कृष्णधवल ‘मिर्झा गालिब’ (१९५४) काढला. कथा सआदत हसन मंटोची, संवाद राजिंदरसिंग बेदींचे, पडद्यावर सुरैया आणि भारतभूषण. छायाचित्रकार व्ही. अवधूत. हे नाव प्रभातच्या भक्तांना ठाऊक असायला हवं: दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७) त्यांनीच चित्रित केले. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. त्यात तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरचा तो निवांत प्रकाश आठवून बघा, आणि मग गालिबच्या दिल्लीतली रात्र बघा. हा माणूस हॅलरसारखाच चेहऱ्याचा छायाचित्रकार होता, आणि तो दादरच्या लोकलच्या अंतरावर होता.

तिसरं सुवर्णपदक ‘पथेर पांचाली’ला. सत्यजित राय यांचा छायाचित्रकार सुब्रत मित्र विशीतला पोरगा, त्याने आधी मूव्ही कॅमेरा हातात धरला नव्हता. रेन्वारच्या ‘द रिव्हर’च्या सेटवर तो नुसता बघायला जायचा आणि दिवे कुठे लावले याच्या आकृत्या काढायचा. राय यांच्या पुढच्या ‘अपराजितो’च्या वेळी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला, तेव्हा त्याने वर पांढरं कापड ताणून दिवे त्यावर मारले आणि परतलेला मऊ उजेड खाली घेतला. आज घोडबंदरच्या सेटवर जो थर्माकोलचा पांढरा तक्ता नटीच्या समोर धरतात, त्याची वंशावळ इथे पोचते. हॅलरच्या पिढीचा थेट, कडक, चेहरा कोरून काढणारा दिवा आपल्याकडे मागे पडला तो अशा कापडापुढे.

रंगाचं म्हणाल, तर तोही मराठी माणसाच्या हातून इथेच यशस्वी झाला. शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) टेक्निकलरमध्ये होता, छायाचित्रकार जी. बाळकृष्ण, संगीत पुन्हा वसंत देसाईंचं. तो तुफान चालला. बाळकृष्णांसाठी कुणी कॅलिफोर्नियाला तार केली नव्हती. शांतारामबापूंच्या डोळ्यांपुढे आधी रंग होते आणि नंतर त्यांनी त्यासाठी नाच आणि सेट रचले. मोदींनी आधी इतिहास रचला आणि मग त्यावर रंग मागवला. फरक पडला तो तिथे, असं या लेखकाचं मत आहे.

आपल्या पट्ट्याचं नाव यात अगदी पहिल्या पानावर येतं. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण कल्याण-बदलापूरच्या पुढे वांगणीच्या परिसरात केलं. तलवारी आणि ऐतिहासिक कपड्यांतली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. इंग्लंडहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंगांना शिकवून तयार केलं होतं. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचा छायाचित्रकार तो. पोलिसांची गोष्ट सगळे सांगतात, तेलंगांचं नाव बहुतेक वेळा गळतं.

आणि मग डोंबिवली. निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आला तेव्हा त्याची तुलना मायकल डग्लसच्या ‘फॉलिंग डाउन’शी (१९९३) झाली, सरळमार्गी नोकरदाराचं एके दिवशी डोकं फिरतं, हा धागा दोन्हीकडे आहे. हॉलिवूडच्या त्या चित्रपटाचा छायाचित्रकार पोलंडहून आलेला आंद्रेई बार्टकोव्हियाक. ‘डोंबिवली फास्ट’चे छायाचित्रकार संजय जाधव. पुढे दोघेही दिग्दर्शक झाले. जाधवांचा ‘दुनियादारी’ (२०१३) तर घराघरांत गेला.

‘डोंबिवली फास्ट’मधली लोकल जरा कॅमेऱ्याच्या बाजूने विचार करून बघावी. डब्यात दुपारी शूटिंग करायचं म्हणजे बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत अंधूक, आणि माणूस दाराशी उभा, म्हणजे नेमका मधोमध. बाहेरचं ऊन सांभाळलं तर चेहरा काळा, चेहरा सांभाळला तर बाहेरचं सगळं जळून पांढरं. त्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की उजेड क्षणात शून्यावर. मोठा दिवा लावायला जागा नाही, गर्दी हलवता येत नाही. हॅलरला सात दिवे कमी पडले असते तर आठवा मागवता आला असता. लोकलमध्ये छायाचित्रकाराला जो उजेड आहे त्याच्याशी तडजोड करावी लागते, आणि नायक माधव आपटेच्या चेहऱ्यावरचा दमलेपणा त्या तडजोडीतूनच आला आहे. ती भूमिका करणाऱ्या संदीप कुलकर्णींच्या अभिनयाचं कौतुक भरपूर झालं, तेही रास्तच. पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात डोंबिवलीकराला आपली लोकल खरी वाटली, ती कॅमेऱ्यामुळे.

परदेशी पथकं इथे आली, तेव्हा नेहमीच आपला माणूस तिसऱ्या ओळीत राहिला असंही नाही. अॅटनबरोच्या ‘गांधी’च्या (१९८२) दुसऱ्या युनिटचं काम गोविंद निहलानींकडे होतं, ऑस्कर मुख्य छायाचित्रकारांना मिळालं, निहलानींनी पुढच्याच वर्षी ‘अर्धसत्य’ दिला. हिशेब काही अगदीच तोट्यात गेला नाही.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात चित्रपटांचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती आहे. जुन्या चित्रपटांवरच्या कार्यक्रमात नटांची, गायकांची, संगीतकारांची आठवण आपण नेहमी काढतो. एखादी संध्याकाळ छायाचित्रकारांना द्या. ‘सिकंदर’मधली लढाई, ‘श्यामची आई’मधलं घर, ‘मिर्झा गालिब’मधली रात्र आणि ‘डोंबिवली फास्ट’मधला डबा, एवढे चार तुकडे दाखवायला पाऊण तास पुरतो. बोलायला या पट्ट्यातलाच एखादा काम करणारा कॅमेरामन बोलवा, तो हातात दिवा घेऊन दाखवेल. आणि निवेदकाला सांगून ठेवा: सरपोतदार, रेळे, अवधूत, जाधव ही नावं नटांच्या आधी घ्यायची.